केबलची लांबी, संकेताची शुद्धता आणि माहितीचा संचय : मुंबई–चेन्नई अंतराच्या संदर्भात

मुंबईहून पुणे, सोलापूर, वाडी, रायचूर, गुंटकल अशा वाटेने चेन्नईस जाणारा लोहमार्ग आर्कोणमनंतर आवडी या स्थानकावरून जातो. मराठी कानाला हे नाव आपुलकीचे वाटावे असे असले, तरी गावाची ख्याती आहे ती तेथील रणगाड्यांच्या कारखान्यामुळे. आवडीपासून चेन्नई सेंट्रल वीस-बावीस किलोमीटरांवर, तर मुंबई सुमारे साडेबाराशे किलोमीटरांवर आहे. मुंबईकडून आलेली जी. आय. पी. रेल्वे आणि मद्रासकडून आलेली मद्रास रेल्वे यांची 1871 मध्ये रायचूर येथे गाठ पडली आणि हा मार्ग सलग झाला. त्या काळी रुळांच्या कडेने तारायंत्राच्या तारा जात. आज 2000 साली स्थापन झालेल्या रेलटेल या सार्वजनिक कंपनीचे प्रकाशतंतू देशातील प्रमुख लोहमार्गांलगत पुरलेले आहेत. प्रवाशाला मुंबई ते चेन्नई हे अंतर कापण्यास जवळजवळ एक संपूर्ण दिवस लागतो. काचेच्या तंतूतून जाणाऱ्या प्रकाशाला सहा-साडेसहा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सहा-साडेसहा पट एवढा वेळ पुरतो. इतका अल्प काळ हिशेबात धरण्याजोगा नाही असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु एखाद्या संस्थेच्या संगणकीय माहितीची एक प्रत मुंबईत आणि दुसरी चेन्नईत ठेवावयाची झाल्यास याच साडेसहा मिलिसेकंदांवर पुष्कळ काही अवलंबून राहते. ते का, हे समजण्यासाठी केबल लांब झाली म्हणजे नेमके काय बिघडते, हे मुळापासून पाहावे लागते.

केबलची लांबी संकेताला दोन प्रकारे बाधते. पहिला प्रकार आकाराचा : एका टोकाला तीक्ष्ण कडांचा असलेला विद्युत्स्पंद दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत बुटका, पसरट आणि शेजाऱ्यांत मिसळलेला होतो. दुसरा प्रकार काळाचा : स्पंद शाबूत पोहोचला तरी उशिरा पोहोचतो. पहिल्या बाधेवर अभियंत्यांनी एकामागून एक तोडगे काढले व त्यांत त्यांना पुष्कळ यश आले. दुसऱ्या बाधेवर मात्र तोडगा नाही, कारण तिचे मूळ प्रकाशाच्या वेगातच आहे. संगणकीय संचयप्रणालींचा गेल्या चार दशकांचा इतिहास म्हणजे पहिली बाधा दूर होत जाणे आणि तिच्याआड दडलेली दुसरी उघडी पडणे, असे म्हणता येईल.

आकाराची बाधा प्रथम जाणवली ती संगणकाच्या कितीतरी आधी, समुद्रतळाशी टाकलेल्या तारायंत्राच्या केबलींत. 1858 मध्ये अटलांटिक महासागराखालून पहिली केबल टाकली गेली, तेव्हा व्हिक्टोरिया राणीचा 98 शब्दांचा संदेश पलीकडे पोहोचण्यास सुमारे सोळा तास लागले. पाण्याने वेढलेली, निरोधकात गुंडाळलेली तार ही एका अतिशय लांब धारित्रासारखी वागते. तिच्यात विद्युत्भार आधी भरावा लागतो आणि नंतर रिकामा व्हावा लागतो. त्यामुळे एका टोकाला दिलेला क्षणिक ठोका दुसऱ्या टोकाला हळूहळू चढणाऱ्या व त्याहूनही हळू ओसरणाऱ्या लाटेच्या रूपात येतो. विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी त्याच दशकात गणिताने दाखवून दिले होते, की ही दिरंगाई लांबीच्या प्रमाणात नव्हे, तर लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. केबल दुप्पट लांब केली, तर स्पंद चौपट पसरतो. व्हाइटहाउस या विद्युत्तज्ज्ञाला हे पटले नव्हते. क्षीण संकेतावर त्याने उपाय केला तो दाब वाढविण्याचा, आणि काही आठवड्यांतच ती केबल निकामी झाली. मोठ्याने ओरडल्याने अस्पष्ट बोलणे स्पष्ट होत नाही, एवढाच या प्रकरणाचा अर्थ. पुढे टॉमसन यांच्या मताप्रमाणे जाड गाभा, उत्तम निरोधक आणि अतिसंवेदनशील ग्राहकयंत्र यांचा अवलंब झाला. 1870 मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या महाकाय जहाजाने मुंबई–एडन केबल टाकली आणि मुंबई लंडनशी जोडली गेली, ती या शहाणपणाच्या आधारावर.

संगणकाच्या पेटीतील केबल हातभर लांबीची; तिला समुद्राखालच्या केबलीचा न्याय कसा लागू व्हावा, असा प्रश्न पडतो. याचे उत्तर असे की केबल लांब की आखूड हे मीटरमध्ये ठरत नाही. एका बिटाला तारेवर किती जागा लागते, त्या मापाने ते ठरते. तांब्याच्या केबलीतून संकेत एका नॅनोसेकंदात सुमारे वीस सेंटिमीटर पुढे सरकतो. सेकंदाला दीड अब्ज बिट पाठविणाऱ्या पहिल्या पिढीच्या साटा जोडणीत एक बिट केबलीवर सुमारे तेरा सेंटिमीटर जागा व्यापतो. सहा अब्ज बिटांच्या जोडणीत जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. म्हणजे एक मीटर केबलीत एकाच वेळी तीस बिट एकामागे एक धावत असतात. मागचा बिट पुढच्याच्या शेपटीवर पाय देणार नाही अशी व्यवस्था नसेल, तर ग्राहकाला ‘एक’ आणि ‘शून्य’ यांतला भेद करता येत नाही.

ही शेपटी तयार होण्याची कारणे अनेक आहेत. उच्च कंप्रतेचा प्रवाह तारेच्या गाभ्यातून न जाता पृष्ठभागाच्या पातळ थरातून वाहतो, त्यामुळे तारेचा रोध वाढतो. निरोधक द्रव्यही काही ऊर्जा शोषून घेते आणि हे शोषण कंप्रतेबरोबर वाढते. स्पंदाच्या तीक्ष्ण कडा उच्च कंप्रतांनीच बनलेल्या असल्यामुळे सर्वांत आधी बळी पडतात त्या या कडा. दुसरे कारण परावर्तनाचे. केबलीचा संरोध जेथे अचानक बदलतो तेथून, म्हणजे सैल कनेक्टर, वेडीवाकडी घडी किंवा मोकळे सुटलेले टोक येथून, संकेताचा काही अंश मागे उसळतो आणि विहिरीतल्या प्रतिध्वनीसारखा मूळ संकेतात मिसळतो. तिसरे कारण शेजाराचे : समांतर धावणाऱ्या दोन तारांपैकी एकीतील बदल दुसरीत उमटतो, आणि हे अंतर जितके लांब तितकी ही गळती अधिक.

नव्वदीच्या दशकातील संगणक ज्यांनी उघडून पाहिला असेल त्यांना हार्ड डिस्कला जोडणारी रुंद, चपटी, करड्या रंगाची पट्टी आठवत असेल. आयडीई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या जोडणीत चाळीस तारा शेजारीशेजारी असत आणि मानकाने पट्टीची लांबी अठरा इंचांवर, म्हणजे सुमारे 46 सेंटिमीटरांवर, मर्यादित केलेली होती. बाजारात याहून लांब पट्ट्या सर्रास मिळत आणि चालतही. चालत नसत तेव्हा दोष डिस्कच्या माथी मारला जाई. दर सेकंदाला 66 मेगाबाइट वेगाची जोडणी आली तेव्हा याच कनेक्टरसाठी ऐंशी तारांची पट्टी वापरणे आवश्यक ठरले. वाढीव चाळीस तारा कोणताही संदेश नेत नसत. त्या अर्थ केलेल्या असत आणि प्रत्येक संकेतवाहक तारेला तिच्या शेजारणीपासून अलग ठेवणे एवढेच त्यांचे काम होते. जुनी पट्टी लावल्याचे संगणकाच्या लक्षात आले, तर तो आपण होऊन 33 मेगाबाइटांच्या वेगावर उतरत असे.

त्याच पिढीत आणखी एक महत्त्वाची सोय आली. पाठविलेल्या प्रत्येक तुकड्यासोबत एक पडताळा-अंक जाऊ लागला. तो जुळला नाही, तर तुकडा पुन्हा मागविला जाई. याचा परिणाम असा झाला, की निकृष्ट वा अवाजवी लांब केबल माहिती बिघडविण्याऐवजी काम मंद करू लागली. वापरणाऱ्याला दिसते ती केवळ संथ झालेली डिस्क. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंदवही ठेवते, तिच्यात पडताळा चुकल्याच्या घटनांसाठी 199 क्रमांकाचा रकाना सामान्यतः असतो. तो आकडा वाढत असेल आणि इतर रकाने निर्दोष असतील, तर डिस्क बदलण्यापूर्वी केबल बदलून पाहणे श्रेयस्कर.

स्कझी या कार्यालयीन संगणकांतील जोडणीची कथा तर लांबी आणि वेग यांच्या व्यस्त संबंधाचा वस्तुपाठच होय. सेकंदाला पन्नास लाख वेळा माहिती हलविणाऱ्या मूळ स्कझीची साखळी सहा मीटर लांब असू शके. वेग दुप्पट होताच मर्यादा तीन मीटरांवर आली. तो पुन्हा दुप्पट झाल्यावर साखळीत चाराहून अधिक उपकरणे असल्यास ती दीड मीटरच उरली. दीड मीटरात कपाटातल्या डिस्क जोडणेही कठीण. यातून सुटका झाली ती विभेदी संकेतनामुळे. यात प्रत्येक संकेतासाठी दोन तारा असतात. एकीवर जो संकेत तोच दुसरीवर उलटा. बाहेरून आलेली बाधा दोहोंवर सारखीच उमटते, आणि ग्राहक केवळ दोहोंतील फरक वाचत असल्यामुळे ती आपोआप वजा होते. या युक्तीने अधिक वेग असूनही साखळी बारा मीटरांपर्यंत नेता आली. साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर लावण्याची सक्ती मात्र राहिली. हा नगण्य दिसणारा तुकडा टोकाशी पोहोचलेली ऊर्जा शोषून प्रतिध्वनी थांबवितो.

समांतर पट्ट्यांचा अंत झाला तो मात्र वेगळ्याच कारणाने. अनेक तारांवरून एकाच क्षणी निघालेले बिट एकाच क्षणी पोहोचत नाहीत. एखादी तार केसभर लांब, एखाद्या कनेक्टरचा स्पर्श किंचित निराळा. बिटाचा काळ मोठा होता तोवर हा फरक खपून जाई. तो लहान होताच सोळा जणांची रांग एका पावलात चालविणे अशक्य झाले. 2003 मध्ये आलेल्या साटा मानकाने रांगच मोडली : जाण्यासाठी दोन तारांची एक जोडी, येण्यासाठी दुसरी, आणि त्यांमध्ये अर्थ केलेल्या तारा. बिट एकामागे एक जातात, त्यामुळे कोणी कोणासाठी थांबण्याचा प्रश्न राहत नाही. एवढे करूनही मर्यादा एक मीटरचीच. पेटीबाहेर नेण्यासाठी प्रेषकाचा संकेत किंचित प्रबळ आणि ग्राहक अधिक संवेदनशील करून ती दोन मीटर करण्यात आली. सर्व्हरसाठीच्या सॅस जोडणीत याहून प्रबळ संकेत वापरून दहा मीटरांपर्यंत मजल गेली. तांब्यावर याहून फार पुढे जाणे व्यवहार्य ठरत नाही.

येथे प्रकाश उपयोगी पडतो. काचेच्या उत्तम तंतूतून जाणाऱ्या प्रकाशाची शंभर किलोमीटरांनंतर सुमारे एक टक्का शक्ती शिल्लक राहते. हे प्रमाण कमी भासले, तरी ते वाचण्यास पुरेसे असते, आणि दर ऐंशी-शंभर किलोमीटरांवर प्रवर्धक बसवून संकेत पूर्ववत करता येतो. तंतूतही स्पंद पसरतोच. जाड गाभ्याच्या स्वस्त तंतूत प्रकाश अनेक वाटांनी धावतो व त्या वाटांची लांबी सारखी नसते. म्हणून संचयप्रणालींसाठी वापरल्या जाणाऱ्या फायबर चॅनलमध्ये आठ गिगाबिट वेगाला जो तंतू दीडशे मीटर पुरतो, तोच सोळा गिगाबिटला शंभर मीटरच पुरतो. स्कझीचाच नियम येथेही दिसतो. बारीक गाभ्याच्या तंतूत मात्र प्रकाशाला एकच वाट उरते आणि कोणत्याही प्रवर्धकाविना दहा किलोमीटरांचा पल्ला सहज गाठता येतो. मुंबई–चेन्नई तंतूवर पंधराएक प्रवर्धक मध्ये घातले, की आकाराची बाधा व्यवहारतः संपते. आवडीपाशी पोहोचलेला बिट मुंबईहून निघाला तसाच वाचता येतो.

उरतो तो काळ. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर, म्हणजे एका किलोमीटरला पाच मायक्रोसेकंद. लोहमार्गाचे सुमारे 1280 किलोमीटर धरले, तर जाण्यास 6.4 आणि जाऊन येण्यास 12.8 मिलिसेकंद. सरळ रेषेतले अंतर सुमारे 1030 किलोमीटर आहे. वाट कितीही आखूड काढली तरी त्याखाली जाता येत नाही.

उशीर हा सर्वच कामांत दोष ठरतो असे नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण तीस अँटेनांची असून त्या पंचवीस किलोमीटरांच्या पसाऱ्यात मांडलेल्या आहेत. प्रत्येकीचा संकेत प्रकाशतंतूतून निरनिराळ्या वेळी मध्यवर्ती इमारतीत पोहोचतो. लवकर आलेल्यांना तेवढाच काळ थांबवून ठेवले, की सर्वांचा मेळ बसतो. तेथे उशीर ठाऊक असणे पुरेसे असते. ज्या व्यवहारात पुढचे पाऊल मागच्या पावलाच्या पोचपावतीवर अवलंबून असते तेथे हा उपाय लागू पडत नाही, आणि माहितीच्या दोन प्रती तंतोतंत सारख्या ठेवणे हा नेमका असाच व्यवहार आहे.

प्रत ठेवण्याच्या दोन रीती आहेत. समकालिक रीतीत एखादी नोंद दोन्ही ठिकाणी लिहिली गेल्याची पोच आल्यावरच ‘झाले’ असे सांगितले जाते. यात एकही नोंद गहाळ होत नाही. असमकालिक रीतीत जवळच्या प्रतीवर लिहिताच ‘झाले’ म्हणतात आणि दूरच्या प्रतीकडे नोंदी मागाहून जातात. आता परस्परावलंबी नोंदींची एक साखळी घ्यावी, जीत पहिली पुरी झाल्याशिवाय दुसरी लिहिता येत नाही. चेन्नईशी समकालिक जोडणी असेल, तर सेकंदाला अठ्ठ्याहत्तरहून अधिक नोंदी होणे शक्य नाही. आणि संचयप्रणालीच्या भाषेत प्रत्येक लेखनासाठी आधी परवानगी व मग माहिती अशा दोन फेऱ्या होत असतील, तर एकोणचाळीसच. तीच प्रत पाच किलोमीटरांवर असेल, तर एका फेरीला पन्नास मायक्रोसेकंद आणि नोंदी वीस हजार. केबलही तीच, प्रकाशही तोच. फरक केवळ लांबीचा.

लांबीचा आणखी एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. फायबर चॅनलमध्ये पलीकडे जागा असल्याची हमी मिळाल्याशिवाय प्रेषक तुकडा सोडत नाही. एक गिगाबिट वेगाला दोन हजार बाइटांचा पूर्ण तुकडा तंतूवर सुमारे चार किलोमीटर लांब असतो. आठ गिगाबिटला तो अर्ध्या किलोमीटरावर येतो. मुंबई–चेन्नई तंतू अखंड भरलेला ठेवायचा, तर जाण्यायेण्याच्या वाटेचा विचार करता आठ गिगाबिटला पाच हजारांहून अधिक तुकड्यांची जागा पलीकडे राखून ठेवावी लागते. तेवढी नसेल, तर तंतू सुस्थितीत असूनही बराच वेळ रिकामा पडून राहतो.

भारतात या गणिताचे मोल किती, हे 24 फेब्रुवारी 2021 रोजी दिसून आले. राष्ट्रीय शेअर बाजाराचे मुख्य संगणककेंद्र मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात, निकटचे पर्यायी केंद्र कुर्ल्यात आणि दूरचे पर्यायी केंद्र चेन्नईत. त्या दिवशी सकाळी 11:40 वाजता बाजारातील व्यवहार थांबविण्यात आले. बाजाराने नंतर दिलेल्या स्पष्टीकरणानुसार मुख्य केंद्र आणि कुर्ला यांना जोडणारे, दोन निरनिराळ्या दूरसंचार कंपन्यांचे दुवे अस्थिर झाले होते आणि त्या कंपन्यांनी त्याचे कारण रस्त्यावरील खोदकाम हे सांगितले. दुवे तुटले तरी मुख्य केंद्रातील संचयप्रणालीने एकटीने काम चालू ठेवावे, अशी तिची रचना अपेक्षित होती. प्रत्यक्षात ती सर्व्हरना प्रतिसाद देईनाशी झाली आणि तिच्यावर अवलंबून असलेली जोखीम-नियंत्रणाची व्यवस्था बंद पडली. सौदे जुळविणारी यंत्रणा शाबूत होती. परंतु कोणाच्या खात्यात किती जोखीम साचली आहे हे पाहता येत नसताना सौदे होऊ देणे उचित नव्हते. दुपारी 3:45 वाजता व्यवहार पुन्हा सुरू झाले आणि सायंकाळी पाचपर्यंत चालले. मधल्या चार तासांत सौदे अर्धवट राहिलेल्यांना आपली बाजू सावरण्यासाठी दुसऱ्या बाजाराकडे धाव घ्यावी लागली वा हात बांधून बसावे लागले.

पर्यायी केंद्र असताना हे का घडावे, अशी टीका तेव्हा झाली आणि ती गैर नव्हती. तथापि प्रश्नाचे स्वरूप लांबीच्या गणितातून पाहिल्यास अधिक स्पष्ट होते. एकही नोंद गमवायची नसेल, तर प्रत काही किलोमीटरांच्या आतच ठेवावी लागते. आणि इतक्या जवळची प्रत मूळ प्रतीच्या संकटांत वाटेकरी होते. एकच खोदकाम दोघींमधल्या सगळ्या वाटा तोडू शकते. संकुल आणि कुर्ला हे दोन्ही मिठी नदीच्या काठचे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा ही नदी काय करू शकते ते मुंबईने पाहिले आहे. चेन्नईची प्रत या संकटापासून दूर आहे. तिच्यावर पूर येतात ते निराळ्या दिवशी, जसे डिसेंबर 2015 मध्ये किंवा मिचाँग चक्रीवादळाच्या वेळी डिसेंबर 2023 मध्ये आले. पण ती प्रत किंचित मागे असते, आणि अचानक तिच्याकडे वळायचे झाल्यास मधल्या काही क्षणांच्या नोंदींचा मेळ घालावा लागतो. भर बाजारात हा निर्णय घेण्यास धैर्य लागते.

सेबीच्या नियमांत या दोन अंतरांची सांगड घातलेली दिसते. नोंद शून्य हानीने जपण्यासाठी निकटचे केंद्र आणि मुख्य केंद्रापासून शक्यतो भिन्न भूकंपक्षेत्रात, ते न जमल्यास किमान पाचशे किलोमीटरांवर, दूरचे केंद्र अशी ती व्यवस्था आहे. मार्च 2021 मध्ये या नियमांना काळाची मर्यादा अधिक कठोरपणे जोडण्यात आली : बिघाड झाल्यापासून तीस मिनिटांत आपत्ती घोषित करावी, घोषणेनंतर पंचेचाळीस मिनिटांत दूरच्या केंद्रातून काम सुरू व्हावे, आणि गमावलेल्या माहितीचा काळ पंधरा मिनिटांहून अधिक नसावा. 12.8 मिलिसेकंदांच्या तुलनेत पंधरा मिनिटे म्हणजे फार सैल माप वाटेल; त्यात प्रकाशाच्या प्रवासाहून माणसांचा विचार करण्याचा वेळ अधिक धरलेला आहे.

शनिवार, 2 मार्च 2024 रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराने खास सत्र भरवून या स्थलांतराची प्रत्यक्ष चाचणी घेतली. सकाळी 9:15 ते 10 पर्यंतचे व्यवहार मुख्य केंद्रातून झाले. त्यानंतर बाजार बंद ठेवून काम पर्यायी केंद्राकडे सोपविण्यात आले आणि 11:30 ते 12:30 हा दुसरा भाग तेथून चालला.